खंडेनवमीची मांडणी

माझ्या नवऱ्याने एक गोष्ट घडवली होती आणि ती माझ्या हातून पुसली गेली. एवढं वाक्य तोंडाने बोलायला मला चौदा वर्षं लागली, लिहायला त्याहून जास्त. आमच्या नातेवाइकांत अजूनही म्हणतात की परदेशी सॉफ्टवेअर आलं आणि ह्यांचं मागे पडलं. चारचौघांत सांगायला ते बरं दिसतं, मीही कितीदा मान डोलावली आहे. पण तसं झालं नव्हतं.

ह्यांना मी कधी नावाने हाक मारली नाही, तेव्हा इथेही 'हे' असंच लिहीन.

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस टूल, म्हणजे पत्रा दाबून आकार द्यायचे साचे, बनवणारा एक मध्यम कारखाना होता. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी तिथे ट्रेसर म्हणून लागले. पेन्सिलीतल्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि शाईच्या पेनाने रेघ न रेघ उतरवून घ्यायची, हे माझं काम. रेघ चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडायची. माझ्या रेघांचं कारखान्यात नाव होतं. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. हे तिथे डिझाइनला होते. माझ्या टेबलाशी येऊन एकेक ड्रॉइंग तीन-तीनदा पडताळायचे. मला राग यायचा, की ह्या माणसाचा माझ्या कामावर भरवसाच नाही. लग्न ठरल्यावर कळलं की त्यातल्या दोन पडताळण्या उगाचच असायच्या.

मुलगी झाली तशी मी नोकरी सोडली, पण कारखाना काही सुटला नाही. ह्यांनी तो घरी आणला. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत, शिलाई मशीनच्या टेबलावर, एक जुना कॉम्प्युटर येऊन बसला आणि माझं शिवणकाम खाटेखाली गेलं.

ह्यांच्या डोक्यात काय होतं ते सांगते. मिठाईचा खोका उलगडला की सपाट पुठ्ठा होतो. पत्र्याची पेटी बनवतानाही आधी तसा सपाट पत्रा कापावा लागतो आणि मग तो वाकवायचा. पुठ्ठ्याचं सोपं असतं. पत्रा मात्र वाकताना थोडासा लांबतो, आणि जाड पत्रा वेगळा लांबतो, पातळ वेगळा, पितळेचा आणखी वेगळा. तेव्हा सपाट तुकडा नेमका केवढा कापायचा, हे आमच्याकडे टूलरूमचे मिस्त्री ठरवायचे. पिंपळगाव बसवंतकडचे म्हातारे गृहस्थ, डोक्याला टोपी, खिशात खडू. वाकवलेल्या कडेवरून नख फिरवायचे आणि म्हणायचे, "पाव सूत कमी धरा." म्हणजे मिलिमीटरभरसुद्धा नाही, पण तेवढं कमी धरलं की पेटी बरोबर बसायची.

"कशावरून म्हणता?" ह्यांनी एकदा विचारलं.

"हाताला कळतंय ना, साहेब."

त्या उत्तराने ह्यांची झोप उडवली. मिस्त्रींच्या हाताला जे कळतं ते यंत्राला का कळू नये, म्हणून हे प्रोग्रॅम लिहायला बसले. पडद्यावर वाकवलेली वस्तू काढायची, पत्र्याची जाडी सांगायची, की ती वस्तू पडद्यावरच उलगडून सपाट होणार. मग तसे तुकडे मोठ्या पत्र्यावर असे जुळवून बसवून दाखवणार की भंगार कमीत कमी निघावं. आता हे कुठल्याही कॉलेजात शिकवतात. तेव्हा, नव्वदीच्या सुरुवातीला, निदान आमच्या माहितीत असं कोणाकडे नव्हतं.

दोन वर्षं दर रविवारी सकाळी मिस्त्री आमच्याकडे यायचे. पिशवीत वाकवलेल्या पट्ट्या, प्रत्येकीवर खडूने नंबर. आधी मिस्त्री नखाने सांगायचे, मग हे व्हर्नियरने मोजायचे, आणि मी वहीत लिहायची. सुगी असली तर पट्ट्यांसोबत द्राक्षं किंवा कांदे यायचे. मधेच वीज जायची. स्वच्छ दिवशी गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर ओकताना दिसायच्या आणि आमच्या घरातला पडदा काळा. मी तिकडे बोट दाखवून वीजमंडळाचा उद्धार करायची, मिस्त्री हसायचे, आणि हे मात्र गेलेल्या ओळी आठवत बसायचे.

एका रविवारी मिस्त्रींचा आकडा आणि यंत्राचा आकडा जुळेना. दोघांनी पट्टी पुन्हा मोजली. यंत्र बरोबर निघालं. मिस्त्रींनी ती पट्टी पिशवीत परत ठेवली. मग म्हणाले, "हे आता शिकलं, साहेब. आता माझं काय काम ऱ्हायलं?"

"तुमच्याशिवाय ते शिकलंच नसतं," हे म्हणाले.

मिस्त्रींनी टोपी काढून पुन्हा घातली आणि त्या दिवशी चहा दोनदा घेतला.

पुण्याच्या एका कंपनीपर्यंत ह्याची बातमी गेली. ते पत्रा कापायची यंत्रं विकायचे. दसरा झाला की येऊन बघतो म्हणाले, आवडलं तर त्यांच्या यंत्राबरोबर हा प्रोग्रॅमही देऊ, ह्यांच्या नावासकट. ह्यांना दुसरं काही नको होतं. नोकरी सोडायची, एखादा लहानसा गाळा घ्यायचा आणि जन्मभर हेच करायचं. गाळ्यात माझ्यासाठीही टेबल असणार होतं. त्या दिवसांत हे आंघोळीला जातानासुद्धा शीळ घालायचे. इतका मोकळा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी कॉम्प्युटरची हार्ड डिस्क करकरायला लागली. हे ओळखून होते, की ती आता जाणार. रविवारची सबंध दुपार बसून सगळं फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं. त्या वेळच्या मोठ्या, लवचिक फ्लॉप्या, कागदी पाकिटातल्या. एकेक भरायची, लगेच ती पुन्हा उघडून वाचायची, हे "बरोबर" म्हणायचे आणि मी पाकिटावर पेन्सिलीने टिक करायची. अकरा फ्लॉप्या, अकरा टिका. दुसऱ्या दिवशी डिस्क बंदच पडली. मुंबईहून नवी डिस्क यायला दसरा उलटणार होता. ह्यांनी फ्लॉप्या एका राखाडी प्लॅस्टिकच्या डब्यात घातल्या आणि म्हणाले, "दोन वर्षं ह्या डब्यात आहेत बघ."

आणि मग खंडेनवमी आली.

कारखान्यात नवमीला हत्यारांची पूजा असते. प्रत्येक जण आपापली हत्यारं पुसून आणून मांडतो, आणि पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. हत्यारांनाही सुट्टी. त्या दिवशी घरच्यांनाही बोलावणं असायचं. मिस्त्रींनी ह्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, "साहेब, त्या तुमच्या चकत्या आणा पूजेला. हत्यार हाय ते तुमचं. सगळ्यांची बसणार आन् तुमचं घरी ऱ्हाणार, बरं नाय दिसत." ह्यांना नाही म्हणवेना. मलाही वाटलं, अगदी योग्य बोलले. तेलकट जमिनीवरून पैठणी सावरत जाणारी तिथे मी एकटीच होते.

टूलरूममध्ये मापं घ्यायचं मोठं बिडाचं, ओतीव लोखंडाचं, टेबल होतं. त्यावर पांढरं धोतर अंथरून मांडणी व्हायची आणि मांडणीचा मान माझा असायचा. नोकरी सोडली तरी तो मी सोडला नव्हता. ह्यांनी डबा माझ्या हातात दिला. "डबा तसाच ठेव. उघडू नकोस," म्हणाले आणि मालकांना आणायला फाटकाकडे गेले.

मी डबा ठेवला. चकचकीत व्हर्नियर, मायक्रोमीटर, कानशी, हातोडे, आणि त्यांच्यामध्ये तो राखाडी डबा. कोणी जेवणाचा डबा विसरून गेल्यासारखा दिसत होता. माझे हात शिवशिवायला लागले. दोन वर्षं घरात जे चाललं होतं ते असं झाकून बसवायचं? मी डबा उघडला. फ्लॉप्या काढून अर्धवर्तुळात मांडल्या, आतली टोकं एकमेकींवर, बाहेरची मोकळी, विडे मांडतात तशा. ओलं कुंकू लागू दिलं नाही, तेवढी अक्कल होती. पण वरचा पंखा चालू होता. पाकिटं फडफडायला लागली, एक घसरून खाली पडली. काहीतरी वजन हवं होतं. शेजारी मिस्त्रींचा डायलचा, म्हणजे मापाची तबकडी अडकवायचा, स्टँड होता. खाली जड चौकोनी ठोकळा, वर उभा चकचकीत दांडा. तो मी बरोबर टोकं जमली होती त्यांच्यावर ठेवला. त्या ठोकळ्याला एक बटण असतं, ते फिरवलं की आतला लोहचुंबक लागू होतो आणि स्टँड यंत्राला घट्ट धरून बसतो. हे कारखान्यातल्या प्रत्येकाच्या हाताला ठाऊक असतं. माझ्याही हाताला होतं. हाताने सवयीने बटण फिरवलं. दांड्याला झेंडूची माळ घातली आणि मागे सरून बघितलं. फार सुरेख दिसत होतं.

सगळ्यांनी मांडणीचं कौतुक केलं. हे आले ते आरतीलाच. तोवर बायकांनी इतकी फुलं वाहिली होती की पाकिटांचे नुसते कोपरे दिसत होते, ठोकळा तर पार झाकला गेला होता. डबा उघडला म्हणून ह्यांनी माझ्याकडे जरा डोळे मोठे केले, मग हसले. तो डबा उघडल्याचा राग ह्यांना दोन मिनिटंसुद्धा टिकवता आला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

दसऱ्याच्या सकाळी मिस्त्रींनी सगळं उतरवलं, फ्लॉप्या डब्यात भरल्या आणि आपट्याच्या पानांबरोबर घरी आणून दिल्या.

नवी डिस्क आली, बसवली. ह्यांनी पहिली फ्लॉपी घातली. वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं. दुसरी घातली. तिसरी. अकरापैकी तीन उघडल्या, आणि त्यांत नुसत्या मिस्त्रींच्या मापांच्या याद्या होत्या. उलगडणारा, जुळवणारा, विचार करणारा जो भाग होता तो गेला होता. पुण्याची माणसं ठरल्या दिवशी आली. ह्यांनी त्यांना कागदावर पेन्सिलीने सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पोहे खाल्ले, सभ्यपणे ऐकलं, "झालं की कळवा" म्हणाले आणि गेले.

कॉलेज रोडला कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक जण होते. आम्ही दोघं डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फ्लॉप्या आलटून पालटून लावून बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "मॅग्नेटजवळ तर नव्हत्या ठेवल्या?"

हे हसले. "छे हो. एवढं कळतं मला. डबा माझ्या ताब्यात होता."

त्या ठोकळ्याचं वजन मला पुन्हा तळहाताला जाणवलं. बटण फिरवताना होणारा तो बारीक खट्ट आवाज आठवला. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं.

"मग मरायला टेकलेल्या डिस्कवरून घेतलेली कॉपी," ते गृहस्थ म्हणाले. "चुकीचीच उतरली असणार."

"पण मी प्रत्येक वाचून बघितली होती."

"घाईत होतं असं, साहेब. वाचल्यासारखं वाटतं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू टिका केल्या होत्यास ना गं?"

"हो," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

घरी गेल्यावर सांगू, असं ठरवलं. घरी हे भिंतीकडे तोंड करून बसले. म्हटलं, उद्या सांगू. मग दिवाळी आली, मग मुलगी तापाने आजारी पडली. मग मी स्वतःला समजावलं की सांगून काय फ्लॉप्या परत येणार आहेत? तोंडाने फटकळ म्हणून माझी ख्याती आहे. भाजीवाल्यापासून सासूबाईंपर्यंत कोणाला मी कधी सोडलं नाही. ह्या एका बाबतीत मात्र माझी वाचा बसली. सगळ्यांत मोठी भीती एकच होती, की हे माझ्याकडे बघतील आणि त्यांना तो डबा दिसेल.

मिस्त्रींना ह्यांनी घरी बोलावून घेतलं. मी चहा ओतत होते. हे हात जोडून म्हणाले, "मिस्त्री, तुमची दोन वर्षं मी घालवली. मला साधी कॉपी नीट करता आली नाही."

"जाऊ द्या साहेब," मिस्त्री म्हणाले. "हत्यार मोडतंय कधी कधी. याद्या हायेत ना? नवं करू की. मी येतो रविवारी."

ते आले. पुढचे कितीतरी रविवार आले. पण हे दहा ओळी लिहायचे आणि त्याच दहा ओळी दिवसभर तपासत बसायचे. मला मोठ्याने वाचून दाखवायला लावायचे. मी वाचायची, बरोबर असायचं, हे म्हणायचे, "परत वाच." संध्याकाळी त्या दहातल्या सहा खोडलेल्या असायच्या. चुका नव्हत्या त्यात. आपलं बरोबर आहे, ह्याचाच ह्यांना भरवसा उरला नव्हता. वर्षभराने कॉम्प्युटरवर कापड पडलं आणि मिस्त्रींनीही समजून येणं थांबवलं.

नव्वदीच्या शेवटी कारखान्याने परदेशी सॉफ्टवेअर घेतलं. चांगलं होतं, त्याला नावं ठेवणार नाही. आमच्याकडच्या पत्र्याला मात्र त्याचे आकडे किंचित चुकायचे, तेव्हा वाचलेल्या तीन फ्लॉप्यांतल्या याद्या त्यात भरल्या आणि पेट्या बरोबर बसायला लागल्या. ते चालवायचं काम ह्यांच्याकडे आलं. काम झालं की हे ते नव्याने लागलेल्या मुलामुलींसमोर ठेवायचे, "जरा एकदा नजर टाक." ती हसू दाबून नजर टाकायची. डिझाइनचं प्रमुखपद देऊ केलं तर ह्यांनीच नको म्हटलं. "जबाबदारीचं काम मला देऊ नका," असं मालकांना सांगून आले आणि घरी येऊन मला तसंच सांगितलं, आजचा पाणीपुरवठा बंद आहे हे सांगावं तितक्या सहज. मी पोळ्या लाटत राहिले. तव्यावरची पोळी जळाली.

मिस्त्री वारले तेव्हा आम्ही पिंपळगावला जाऊन आलो. त्यांच्या मुलाने सांगितलं, "बाबा सांगायचे, नाशिकच्या साहेबांनी माझा हात मशीनमध्ये घातला होता." हे बाहेर येऊन ओट्यावर बसले आणि रडले. मी शेजारी बसून ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच हाताने. तेव्हाही बोलले नाही.

मुलगी इंजिनिअरिंगला गेली. शेवटच्या वर्षाला तिने प्रोजेक्टमधलं एक गणित ह्यांच्याकडून तपासून घेतलं. ह्यांनी अर्ध्या तासात तिची चूक काढली आणि सुधारून दिली. ती खूश झाली, उठायला लागली तर हे म्हणाले, "माझ्यावर विसंबू नकोस. सरांना दाखव. माझ्याकडून एकदा फार मोठी चूक झालेली आहे."

"कसली चूक, बाबा?"

मी आत मेथी निवडत होते. ह्यांनी तिला सगळं सांगितलं. मिस्त्री, पट्ट्या, करकरणारी डिस्क, घाईत केलेली कॉपी. तक्रारीचा सूर नव्हता, जुन्या दुखण्याची हकीकत सांगावी तसं सांगत होते. खंडेनवमीचं नावही आलं नाही त्यात. मी माझ्याच घरात बसून ती गोष्ट ऐकली आणि त्यात मी नव्हते. वर मुलगी म्हणाली, "अरेरे बाबा, एकदा परत चेक करायला हवं होतंत ना." तिचं वय तसं बोलायचंच होतं. हे म्हणाले, "हो ना."

ते "हो ना" मला सहन झालं नाही. मुलगी क्लासला गेली. मी हात पुसून बाहेर आले आणि ह्यांच्या समोर बसले.

"त्या फ्लॉप्या मी डब्यातून काढल्या होत्या," मी म्हणाले.

"आठवतंय. छान मांडल्या होत्यास."

"त्या उडत होत्या. मी त्यांच्यावर स्टँड ठेवला होता."

"कुठला स्टँड?"

"मिस्त्रींचा. डायलचा."

ह्यांचा अंगठा हवेतच काहीतरी फिरवल्यासारखा हलला. मग अगदी हळू विचारलं, "बटण?"

"फिरवलं होतं."

"परत सांग."

मी परत सांगितलं. पंखा, घसरलेलं पाकीट, ठोकळा, बटण. हे म्हणाले, "परत." मी तिसऱ्यांदा सांगितलं. ह्यांचे ओठ हलत होते, माझ्याबरोबर शब्द म्हणत असल्यासारखे.

"म्हणजे कॉपी बरोबर झाली होती," हे म्हणाले.

"हो."

"अकराच्या अकरा."

"हो. मी टिका केल्या होत्या."

ह्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. मी शिव्या ऐकायला बसले होते, एखादवेळी हात उगारला तरी चालेल अशी तयारी करून बसले होते. ह्या आनंदाची तयारी मी केली नव्हती. चौदा वर्षं जो माणूस स्वतःला नालायक समजत होता, त्याला मी एका वाक्यात मोकळं केलं होतं, आणि ते वाक्य चौदा वर्षं माझ्याजवळ होतं.

हे उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. मग आनंद ओसरला आणि ह्यांना पुढचं सुचलं.

"कॉलेज रोडला त्याने विचारलं, तेव्हा तुला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"भीती वाटली. तुम्ही रागवाल म्हणून."

ह्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका मऊ होता की मला तोंड लपवावंसं वाटलं.

"रागावलो असतो गं," हे म्हणाले. "आठ दिवस. फार तर पंधरा. मग पुन्हा लिहायला बसलो असतो."